गाठीतलं लाल सूत

आमच्या जीपचं इंजिन बसलं तेव्हा दादानं एका वाक्यात निकाल लावला, "भंगारात घालू." उचलली जीभ, लावली टाळ्याला! जीप बाबांची, आणि बाबा गेल्यापासून मी ती चालवत होते. आमच्या कोन गावाहून बायकांना गणेशपुरीला दर्शनाला न्यायचं आणि परत आणायचं, हे माझं काम. माझ्या गाडीत बायका पाय वर घेऊन ऐसपैस बसतात, सुनांच्या कागाळ्या करतात, पेंगतात. ते सगळं हा भंगारात घालायला निघाला होता. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. शेवटी आई मधे पडली आणि ठरलं, की जुनं पण चालू इंजिन आणून बसवायचं. बसवणार दादा. जमलं तर जीप माझ्याकडे, नाही जमलं तर विकायची.

दादा निजामपुऱ्यात एका कापड कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करतो. हाताला गुण आहे. तोंडाला नाही. लूम शुक्रवारी बंद, म्हणून त्यानं काम शुक्रवारी काढलं. अंगणातल्या आंब्याला चेनकप्पी बांधली. इंजिन उचलण्याआधी नळ्या सोडवायच्या होत्या, आणि कुठली कुठे लागते ते विसरू नये म्हणून गॅरेजवाले त्यांवर चिकटपट्टी लावून नंबर टाकतात. आमचा दादा पडला लूमवाला. त्यानं खिशातून सूत काढलं आणि नळ्यांना गाठी मारत सुटला.

दोन नळ्या महत्त्वाच्या होत्या. एक ब्रेकच्या डब्यातली हवा ओढून घेते. ती हवा ओढली गेली तरच ब्रेक हलक्या पायानं लागतो. दुसरी इंजिनाच्या पोटात साठलेली वाफ बाहेर काढते. पहिलीला त्यानं लाल सूत बांधलं, दुसरीला पांढरं.

"ओढती ती लाल, सोडती ती पांढरी. ध्यानात ठेव," मला म्हणाला.

"तूच ठेव," मी म्हटलं. राग अजून गेला नव्हता.

इंजिन बसवायला पुढचा शुक्रवार उजाडला. तोवर सुटलेल्या नळ्या बॉनेटखाली जुन्या ऑइलच्या ओघळात लोळत होत्या. बघतो तर लाल गाठही काळी, पांढरी गाठही काळी. नळ्यांची जाडी सारखीच. मी म्हटलं, "आता रे?"

"मला पाठ हाय," दादा म्हणाला, आणि दोन्ही नळ्यांच्या क्लिपा आवळून मोकळा झाला.

इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. काय आवाज होता! माझा राग तिथंच विरघळला, खरं सांगते. आईनं नारळ फोडला, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. पहिली फेरी मी मारणार म्हणून मी दार उघडलं तर हा आधीच आत चढलेला. "पहिल्यांदा मी. तू बाजूला बस." बसले. आमचं अंगण रस्त्याकडे उतरतं. गाडी हलली, लिंबं चिरडली गेली. आता आईनं बाजूला व्हायचं, तर तिला लिंबं नीट चिरडली का ते बघायचं होतं. ती बॉनेटसमोर वाकली.

दादानं ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट. त्यानं दोन्ही पाय लावले, पार उभाच राहिला त्यावर, तरी गाडी सरकतच होती. मी हँडब्रेक खेचला. गाडी थांबली तेव्हा बंपर आईच्या पदराला लागला होता.

"मेल्या, आईला घालतोस का चाकाखाली?" आई ओरडली. तिच्या हातातली नारळाची वाटी मात्र सुटली नव्हती.

दादा उतरला. "विकायची ही गाडी. आजच. इंजिनच खराब हाय."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मी म्हटलं. आता जीप गेली तर कायमची गेली, हे मला कळत होतं. मी बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची पट्टी जागेवरून वर उचलली गेली होती आणि तिथून ऑइल उडालेलं होतं. म्हणजे इंजिनाचं पोट कोंडलंय, वाफेला बाहेर पडायला वाट नाही. इकडे ब्रेकच्या डब्यातली हवा ओढणारं कुणी नाही. नळ्या उलट्या तर लागल्या नाहीत? मी वाफेच्या जागी लावलेली नळी धरली आणि तिच्यावरची गाठ सोडायला लागले. जॉबरची गाठ ती, सहज कशी सुटेल? नखं दुखली, शेवटी दात लावले. तोंडात जळक्या ऑइलची चव आली.

गाठ सुटली. बाहेरून कोळसा, पण आतला वेढा लालभडक.

मी ते सूत दादाच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते खिशात घातलं. मग क्लिपा सैल केल्या, नळ्यांची अदलाबदल केली आणि पट्टी दाबून बसवली. इंजिन चालू करून मला म्हणाला, "ब्रेक बघ." पाय नुसता टेकवला तर पेडल मऊ खाली गेलं. मला रडूच आलं.

"चालव तू," तो म्हणाला आणि डाव्या बाजूनं चढून माझ्या शेजारी बसला. मी चालवायला लागल्यापासून तो माझ्या गाडीत कधी बसला नव्हता. आई मागे बसली, नारळाची वाटी घेऊनच. कल्याण रोडला लागलो. समोर कंटेनर आला, रिक्षा आडवी आली, आणि प्रत्येक वेळी दादाचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जात होता.

"दादा, तिथं ब्रेक न्हाय."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. पाय काही उचलला नाही.

मागून आई खोबरं चावत म्हणाली, "तुजा बापूस पण असाच बसायचा, तू शिकत व्हतीस तवा."