कवळीवाल्यांचे बत्तीस दात

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत, कारण तीस वर्षं ते दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देत होते. स्वतःचे दात मात्र बत्तीसच्या बत्तीस शाबूत, आणि त्याचा त्यांना भारी तोरा.

कामापायी दिवसभर लॅपटॉपवर शोधाशोध चाले: हिरड्यांचा गुलाबी रंग, दातांच्या छटा, कवळी चिकटवायची पेस्ट. त्यामुळे जाहिरातवाल्यांचा ठाम समज झाला, की या गृहस्थांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. बातम्या उघडल्या की कडेला एक हसरी आजी विचारी, 'चारचौघांत हसायला लाजता?' कवळीवाले तिला रोज "नाही" म्हणून सांगत आणि बातमी वाचत.

बायको लेकीकडे गेली, तेव्हा थोरली बहीण आठवडाभर राहायला आली. परतीच्या गाडीची वेळ बघायला तिने लॅपटॉप उघडला. आजी, पेस्ट, कवळी ठेवायची डबी... ताईने तो हळूच मिटला.

तेव्हापासून जेवायला कुस्करलेला बटाटा, गाळलेलं सूप, दुधात भिजवलेला पाव. ताईही तेच खाई. कवळीवाल्यांना वाटलं, हिचेच दात गेले आणि बिचारी बोलत नाही. जगाला दात पुरवणाऱ्या भावापासून सख्ख्या बहिणीने लपवावं, हे त्यांच्या मनाला लागलं. पण तिला अवघडायला नको म्हणून तेही निमूटपणे गिळत राहिले. फारच भूक लागली की कामाच्या खोलीचं दार लावून कच्ची गाजरं खात.

चौथ्या दिवशी त्यांना राहवेना. "ताई, आ कर. माप घेतो."

"कसलं माप?"

"कवळीचं. तुझी कवळी दुसऱ्या कुणी केलेली मला चालणार नाही."

"माझे दात आहेत जागच्या जागी. गेलेत ते तुझे."

"कोण म्हणतं?"

"तुझा लॅपटॉप."

कवळीवाल्यांनी आ वासला. ताईने चष्मा लावून एकेक दात हलवून पाहिला. अक्कलदाढेपाशी तिची खात्री पटली.

"मग तू का तसलं खात होतीस?" त्यांनी विचारलं.

"तुझ्यासमोर कडकड चावून खाऊ होय, धाकट्या?"

लेकीने फोनवर उलगडा केला. "बाबा, तुम्ही काय काय शोधता त्यावर जाहिरातवाल्यांची पाळत असते. धंद्याचं कुठलं नि घरचं कुठलं, हे त्यांना काय कळतं?" मग तिने फोनवरूनच सांगत वडिलांकडून ही पाळत रोखणारा वेगळा ब्राउझर लॅपटॉपवर घालून घेतला.

"माझ्याही फोनवर घाल," ताई म्हणाली. "बिनदातांच्या माणसाला काय खायला द्यावं ते शोधलं, तर तेव्हापासून सगळे मला दात विकतायत."

नव्या ब्राउझरमध्ये बातमीच्या कडेला बोटीच्या शिडांची जाहिरात आली. कवळीवाल्यांनी ती दोनदा मन लावून वाचली.

"तुला पोहता तरी येतं का?" ताईने विचारलं.

"नाही ना. म्हणून तर बरं वाटतंय."