नांदेडच्या घरात आलेला कुबट वास
अंगात येणं, दृष्ट, करणी... या सगळ्याची मनापासून टिंगल करणारी बाई आहे मी. नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. तरीही हे लिहितेय, कारण मनात ठेवून ठेवून जीव घाबरा झालाय.

माझा थोरला भाऊ, अण्णा, उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकान चालवतो. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा माझी एक त्याला दिली. ऑपरेशन हैदराबादला झालं. नवी किडनी अंगाने स्वीकारावी म्हणून प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं जन्मभर घ्यायची, धूळ आणि बुरशीपासून लांब राहायचं, मास्क काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या स्वयंपाकघरात कुबट वास यायला लागला. भिजून बुरशी आलेल्या धान्याच्या पोत्याचा असतो ना, तसा. डबे घासले, डाळी उन्हात घातल्या, ओट्यामागे ब्लीच ओतलं. नवरा म्हणाला, "मला तर काहीच येत नाही. तुझ्या नाकालाच काहीतरी झालंय." पण वास शाळेतही आला, रिक्षातही आला — आणि एकदम अण्णा आठवला. का, ते सांगता येणार नाही. तिथूनच फोन लावला.

"अण्णा, तू परत मोंढ्यात जायला लागलास का?"

"हाव, बसतो जरा. मास्क हाय की."

"आणि माल बघताना?"

आमच्याकडे आडत्या मूठभर धान्य नाकाला लावल्याशिवाय भाव बोलत नाही. वडीलही तेच करायचे.

"मास्क लावून तुरीचा वास कसा कळंल, माय?"

"बरं वाटतंय ना तुला?"

"जरा कणकण हाय. लई काय न्हाई."

"आत्ताच्या आत्ता लातूरला निघ."

"येडी झालीस का?"

"माझी किडनी आहे तुझ्याकडे. ऐकावंच लागेल!"

चिडचिड करत का होईना, गेला. सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात बुरशी दिसली. आणखी थोडे दिवस गेले असते तर ती अंगभर पसरली असती, डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला विचारलं, "एवढ्याशा तापावर तुम्हाला शंका कशी आली?" मी म्हटलं, फोनवर खोकला ऐकू आला. अण्णाला खोकला नव्हताच. वासाचं खरं नंतर फक्त त्याला सांगितलं.

औषधं सुरू असताना एका सकाळी वास थांबला. त्याच दुपारी वहिनीचा फोन आला — ताप उतरला म्हणून.

मन घाबरलं की भास होतात, हे मीही मुलांना सांगते. पण मला वास आला तेव्हा घाबरण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं. किडनी एकीकडे आणि नाक दुसरीकडे... हे कुठल्या पुस्तकात शोधू?

आता दुकान पुतण्या बघतो. अण्णाचा मात्र रोज सकाळी फोन येतो. तब्येत वगैरे काही विचारत नाही.

"वास येऊन राहिला का, माय?"

मी आधी खोल श्वास घेते. पलीकडे त्याचा श्वास थांबलेला कळतो. मग म्हणते, "न्हाई रे."

आजवर हे खरंच बोलत आलेय. पण तो श्वास घेताना मला रोज भीती वाटते.