अकरा दिवसांचा वारा

भास्कर गाडेकर गेल्याचं शिपायानं सांगितलं तेव्हा मी अकरावीला व्याकरण शिकवत होतो. "गाडेकर मास्तर गेले... प्रयोगशाळेतच, बसल्या जागी." महिना होत आला त्याला. पारनेरच्या पठारावरच्या आमच्या हायस्कुलात तो विज्ञान शिकवायचा, मी मराठी. सतरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो.

वीज हा त्याचा ध्यास. फळ्यावर तीन रकाने आखून मुलांना सांगायचा, "तारापूरला अणूची वीज निघाली. मूठभर इंधनात गावंच्या गावं उजळतात, पण मागे जे उरतं ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत बसा. गुजरातेत जमिनीतून गॅस निघतो. त्यावर हवी तेव्हा वीज, पण इथवर नळ कोण आणणार? आणि साठा संपला की? वारा आपल्या दारात आहे, फुकट आहे. पण लहरी. मोजल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नका." पाऊस मोजायला मिळत नाही म्हणून वारा मोजतोस, असं मी चिडवायचो. शाळेच्या गच्चीवर त्यानं चार वाट्यांचं फिरतं यंत्र बसवलं होतं, त्यातली एक वाटी लाल. तिचे मिनिटाला किती फेरे होतात ते दिवसातून तीनदा वहीत लिहायचा. पुण्याहून एक साहेब येणार होते. वर्षाची सलग नोंद दिसली तर विजेची पवनचक्की आमच्या गावाला मिळणार होती, विहिरीवरचा पंप तिच्यावर चालणार होता. दुष्काळाचे दिवस, बायका कोसावरून पाणी आणत होत्या...

वैशाखात त्याच्या बायकोला, अनसूयावहिनींना, नगरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. अकरा दिवस तोही तिकडेच राहणार होता. वही माझ्याकडे देताना भास्कर म्हणाला, "जमलं नाही तर रिकामं सोड. अंदाजानं लिहू नकोस." पहिल्या दिवशी मी गच्चीवर चढलो. मग ऊन, सुट्टी, आळस. मागची पानं बघून उरलेल्या दहा दिवसांचे आकडे एका बैठकीत भरले आणि मोकळा झालो. आठव्या दिवशी वादळात यंत्राची दांडीच मोडली. वहीत मात्र वारा अकराव्या दिवसापर्यंत मोजलेला होता.

भास्कर परतला, गच्चीवर जाऊन मोडकी दांडी पाहून आला, एका बैठकीत लिहिलेले दहा दिवस ओळखले आणि वही मिटली. मला एका शब्दानं बोलला नाही. साहेब आले तेव्हा त्यानंच सांगितलं, "यातले दहा दिवस खोटे आहेत. चूक माझी."

"मग बाकीचे खरे कशावरून?" असं म्हणून साहेबांनी वही परत केली. पवनचक्की दुसऱ्या गावी गेली. मी शेजारीच उभा होतो... स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती, तरी बोललो नाही.

शोकसभेत हेडमास्तरांनी भास्करच्या 'त्या एका चुकीला' उदार मनानं क्षमा केली. वहिनींना घरी पोचवायला गेलो, तर उंबऱ्यात बसून त्या म्हणाल्या, "माज्या दुखन्यापायी त्यांनी खोटं लिवलं, भावजी. मी आजारी पडले नसते तर गावाला पानी आलं असतं." मी नमस्कार करून घरी आलो.

ते आकडे माझे होते. हे छापून आलं की वर्तमानपत्राची पुरवणी घेऊन मी वहिनींकडे जाणार आहे. त्यांना वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावं लागेल.