घरी न्यायला सांगितलंय

चार महिने मुलगी कोल्हापुरात दवाखान्यात होती. सात वर्षांची. स्नायूंचा आजार, गळ्याला भोक, भोकात नळी, नळीला श्वास देणारं मशीन. नळीतला कफ कसा ओढायचा, नळी निसटली तर काय करायचं, हे सिस्टरांनी मला आधी बाहुलीवर शिकवलं, मग तिच्यावर. एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, तुम्हाला सगळं जमतंय.

मी घरी, उचगावला, धाकट्या दिराला फोन केला. "भावजी, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. सोमवारी आणतोय. तेवढा इन्व्हर्टर जोडून घ्या."

इन्व्हर्टर भरलेल्या बॅटरीसकट आधीच घरी पोचवला होता. सोमवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असते, आणि मशीनची स्वतःची बॅटरी तीन तासांची. निघायला म्हणून मशीन बॅटरीवर घेतलं आणि त्यातला एक तास दवाखान्याच्या कागदपत्रांतच गेला.

अॅम्ब्युलन्स दारात थांबली तर अंगणात चपलांचा ढीग. सोप्यात चटई अंथरलेली, बायका भिंतीला टेकून बसलेल्या. घरात गॅस पेटवलेला नव्हता. चुलतसासू पुढं आल्या. हातात फुलपात्र, त्यात तुळशीचं पान.

"पोरीच्या तोंडात पाणी घालू दे गं."

कॉटखाली इन्व्हर्टरचं खोकं सुतळीसकट तसंच.

"भावजी, जोडला का नाही?"

"घरी न्यायला सांगितलंय म्हणलासा की वैनी," दीर खाली बघत म्हणाला. "म्हणलं, आता कशाला लागतंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बरं झालेल्याला आमच्याकडं डिस्चार्ज मिळतो. 'घरी न्यायला सांगितलंय' हे वेगळ्या माणसाबद्दल म्हणतात. चार महिने दवाखान्यात राहून मी ते विसरले होते.

फुलपात्र काढून घेतलं आणि मोरीत ओतलं. "हे पाणी फुफ्फुसात गेलं तर खरंच मरंल. भावजी, वायरमनला आणा. बाकीच्यांनी आपापल्या चपला ओळखून घाला."

वायरमनानं जोडणी केली तेव्हा मशीनवरची बॅटरीची खूण लाल झाली होती. तोवर मी हातानं दाबून श्वास द्यायची फुग्याची पिशवी काढून तयार ठेवली होती.

चुलतसासू उंबऱ्यातून म्हणाल्या, "आमी काय वंगाळ मनात आणलं न्हाय हां."

"एवढ्या जणी दवाखान्यात का नाही आलात?" मी विचारलं. चार महिन्यांत यांतल्या दोघीच तिथला जिना चढल्या होत्या.

"लांब पडतंय की."

उचगाव ते दवाखाना रिक्षानं वीस मिनिटं.

नळीमुळं मुलीला आवाज नाही. ती नुसते ओठ हलवते, मी वाचते. मी चटई गुंडाळायला घेतली तेव्हा तिनं विचारलं, "कोण मेलंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं आणि कफ ओढायची नळी हातात घेतली.

 कफ ओढून होईपर्यंत ती चटईकडं बघत राहिली.