लिंबावरून गाडी

आमच्या गावच्या मालकांच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडखाली तीन जुन्या गाड्या आहेत. एक उघडी जीप, एक फियाट आणि एक पांढरी अँबॅसडर. बाबा मालकांकडे सालगडी, त्यामुळं माझं लहानपण त्या शेडपाशीच गेलं. तिन्हींपैकी एकही गाडी चालू होत नाही. फियाटच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची आणि जीपमध्ये पेंडीची पोती असायची. तरी दसऱ्याला गाड्या धुतल्या जायच्या, झेंडूच्या माळा चढायच्या आणि अँबॅसडरच्या चाकापुढं लिंबू ठेवलं जायचं. चाक लिंबावरून गेल्याशिवाय पूजा पुरी होत नाही, असं मालकांचं म्हणणं. इंजिन बंद, म्हणून आम्ही गड्यांची लेकरं मागून ढकलायचो. स्टिअरिंगवर मालकांच्या घरातलंच कोणीतरी बसायचं.

मला एकदा तिथं बसायचं होतं. दर दसऱ्याला बाबांना विचारायची. ते म्हणायचे, "पुढच्या साली." पुढच्या साली मालकांचा मुलगा आपल्या लेकराला मांडीवर घेऊन बसायचा.

आता मी हिंगोलीला कॉलेजात आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. यंदाही सवयीनं गाडीला हात लावला, तर मालक म्हणाले, "तू काहून ढकलून राहिली गं? कॉलेजची पोरगी तू. खुर्चीवर बस, चहा घे."

त्यांनी मान दिला होता, हे मला कळत होतं. तरी इतका राग आला की चहाचा कप तसाच खाली ठेवला. आता ढकलायचंही नाही आणि गाडीत बसायचंही नाही. शेवटी मीच म्हणाले, "मालक, मला स्टिअरिंगवर बसायचंय."

"मग बस की. आजवर बोलली काहून न्हाई?"

मी जाऊन बसले. स्टिअरिंग वाटलं होतं त्याहून जड निघालं. ढकलणारी बरीच पोरं आता पुण्याला कामाला गेली आहेत. आरशात पाहिलं, तर बाबा डिकीला खांदा लावून वाकलेले दिसले. मला "थांबा" म्हणायचं होतं.

"माय, सरळ धर. लिंबू हुकंल," बाबा मागून ओरडले.

मी सरळ धरलं. मालक म्हणाले, "झाली पूजा."

उतरले तेव्हा बाबांना धाप लागली होती आणि ते हसत होते. "बसलीस ना एकदाची?" म्हणाले. मी त्यांच्यावरच चिडले. काहून, असं त्यांनी विचारलं. "पुढच्या साली तुम्ही ढकलायचं नाही," मी म्हणाले.