आक्काच्या अंगातली देवी

माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगात देवी येते हे उंब्रजमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, आक्काला सोडून. घागर उचलायला वाकली की ती चुन्यासारखी पांढरी पडायची, घामानं चोळी भिजायची, छाती धडधडायची. थोड्या वेळानं सगळं शांत. बाया म्हणायच्या, देवीला वाकलेलं खपत नाही. आणि लगेच तिच्या पायांवर नारळ. मी तेव्हा बुवाबाजीविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटायचो. दाजी म्हणायचे, "पत्रकं गावात वाट, गड्या. माज्या उंबऱ्याच्या आत नको."

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. त्या उन्हाळ्यात आक्काला कांजिण्या आल्या. म्हणजे पुन्हा देवीच. कांजिण्यांच्या घरात औषध चालत नाही, कडुलिंबाचा पाला चालतो. तापात ते झटके न वाकताच येऊ लागले, एकामागून एक. दारात दर्शनाला गर्दी. बाई तडफडतेय आणि हे कुंकू लावतायत.

"दाजी, सांगलीला नेऊ."

"देवी कोपंल."

"माझ्यावर कोपू दे. माझं नाव सांगा तिला."

तोंडाला तांबूस फेस आला तेव्हा कुठे दाजी हलले. मोटारीत आक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कराड मागं पडल्यावर म्हणाली, "माज्यात कुनी न्हाई रं. मला निस्तं भ्या वाटतं." इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं.

सांगलीच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. संध्याकाळी ती गेली. कारण उमगत नाही, शरीर उघडून पाहू द्या, असं डॉक्टर म्हणाले. दाजी नकार देणार, असं मी धरून चाललो होतो. ते म्हणाले, "बगा. कुठं बसली हुती ती तरी कळू दे."

मूत्रपिंडाच्या माथ्यावर लिंबाएवढी गाठ निघाली. तीच रक्तात काहीतरी सोडत असणार. कांजिण्यांच्या तापानं ती चवताळली, असं डॉक्टरांचं मत.

"आधी आणलं असतं तर?"

"आधी मलाही कळलं नसतं," ते म्हणाले. खरं बोलले. पत्रकात घालता येईल असं वाक्य नव्हतं ते.

दाजींनी गाठीला हात जोडले. "ही मला द्या." मिळाली नाही. कृष्णाकाठी आक्काला अग्नी दिला, तिथूनच त्यांनी गाठीएवढा एक गोटा उचलला आणि शेंदूर फासून मळ्याच्या बांधावर बसवला.

बाया तिथं वाकून नमस्कार करतात. मला संताप येतो. एकदा दाजींना तोंडावर विचारलं, "आक्काची आठवण येत नाही का तुम्हाला?"

"येती म्हनून तर बसवलीया," दाजी म्हणाले. "निस्तीच मेली म्हनू व्हय तिला?"