पेटी उघडायला घरचं माणूस

आमच्या दुकानाच्या दाराशी एक लोखंडी स्टूल होतं आणि लग्नानंतरची माझी उमेदीची वर्षं त्या स्टुलावर गेली. गाव कारंजा, कंसात घाडगे लिहितात ते, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं. दुकान कपबश्या, काचेचे ग्लास आणि चिनीमातीच्या बरण्यांचं. हायवेवरचे ढाबे, बसस्टँडवरच्या चहाटपऱ्या, लग्नकार्याची घरं, सगळे आमच्याकडूनच माल नेत. आम्ही तो नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून आणत असू. आणत असू म्हणजे फोनवर सांगत असू. माल ट्रकनं येई, आणि कधी येई ते त्या ट्रकवाल्यालाच ठाऊक. सकाळी येतो म्हटलेली गाडी दुपार टळली तरी कोंढाळीच्या ढाब्यावर उभी असे, आणि उद्या येणारी आजच दाराशी येऊन हॉर्न वाजवी.

या धंद्याचा एक नियम होता. गाडी दाराशी उभी असतानाच प्रत्येक पेटी उघडायची, माल पाहायचा आणि फुटका निघाला तर ड्रायव्हरसमोर बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्याच्या मालपावतीवर, लिहून घ्यायचं. गाडी हलली की तूटफूट आपली. मग नागपूरवाला कानावर हात ठेवणार. आणि हे काम हमालावर किंवा शेजाऱ्यावर सोडायचं नाही, असा माझ्या सासऱ्यांचा दंडक होता. "पेटी उघडाले घरचंच माणूस पाह्यजे," ते म्हणत. घरचं माणूस म्हणजे कोण? ते स्वतः कमरेनं अधू, त्यांना वाकता येत नसे. आमचे हे दिवसभर फटफटीवर ढाब्याढाब्यांतून ऑर्डरी घेत फिरत. सासूबाई चुलीपाशी. उरले मी.

स्टुलावर बसून वाट पाहणं हे काम आहे असं कोणाला वाटतच नव्हतं, हीच तर गंमत. "बसूनच तर राह्यते," असं माझ्याबद्दल बोललं जाई. पण त्या बसण्यातून उठता येत नसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका नटूनथटून समोरून जात आणि मला हात करत. मीही हात करी. नाश्त्याची बशी मांडीवर, नजर रस्त्यावर. जेवायला बसले आणि हॉर्न वाजला की ताट झाकून उठायचं. एकदाच मी हट्टानं माहेरी, केळझरला, गणपतीच्या दर्शनाला गेले होते. नेमकी त्याच दिवशी गाडी आली. शेजारच्या किराणावाल्यानं पेट्या न उघडताच उतरवून घेतल्या, आणि बरण्यांचा निम्मा चुरा निघाला. त्यानंतर कितीतरी दिवस घरात काही सांडलं, करपलं, हरवलं तरी केळझरचा गणपती मध्ये येई. बिचारा देव.

मला नागपूर ठाऊक होतं ते पेट्यांतून. तनसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा वास, आणि कपांना गुंडाळलेले जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे. त्या गुंडाळण्याची एक खास तऱ्हा होती. कागदाचं टोक पिळून कपाच्या दांडीतून आत ओवलेलं असे, वेणीत रिबन ओवतात तसं. कोणीतरी जीव लावून गुंडाळतं हे कळे. तरीही कप फुटतच.

एका उन्हाळ्यात गावातल्या शाळेच्या मोठ्या बाई शाळेसाठी कप घ्यायला आल्या. माझं वर्ध्याहून डीएड झालंय हे त्यांना कुठूनसं समजलं होतं. त्या मला म्हणाल्या, "अवं, डीएड झालेली बाई तू, अन् इथं कप मोजत बसली? जूनपासून पहिलीच्या वर्गाले बाई पाह्यजे. सकाळची शाळा हाये. शाळा उघडेपर्यंत सांग मले."

मी कप बांधून दिले, पण मोजताना दोनदा चुकले. पहिलीचा वर्ग! सकाळी घराबाहेर पडायचं, रस्त्यानं चालत जायचं आणि दुपारपर्यंत कोणत्याच हॉर्नकडे कान लावायचे नाहीत. मला त्यापलीकडे काही नको होतं. नोकरी, मान, सगळं नंतर. आधी ते चालत जाणं.

सासऱ्यांना विचारायला मला कितीतरी दिवस धीर झाला नाही. शेवटी चहा देताना विचारलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. बशीतला चहा फुंकत म्हणाले, "मी काऊन अडवू तुले? पण सकाळीच गाडी आली तं पाहीन कोण? माल धड येऊन राह्यला असता तं काई म्हणणं नव्हतं माह्यं. धड येऊ लागला का जाजो मंग शाळेत."

मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. माल धड आला की मी मोकळी. म्हणजे नागपूरहून तो धड यायला हवा, एवढंच. मी आमच्या ह्यांच्या मागे लागले आणि एका सोमवारी त्यांच्याबरोबर एसटीनं इतवारीत गेले.

इतवारीच्या गल्लीत शिरल्यावर मी थक्क झाले. हातगाड्या, हमाल, दोरखंड, पोती, आणि प्रत्येक दुकानासमोर कुठल्यातरी गावाचं नाव रंगवलेल्या पेट्या. काटोल, आर्वी, तळेगाव, आष्टी, आमचं कारंजा. तिकडे उत्तरेतल्या खुर्जाहून आणि गुजरातेतून डोंगराएवढा माल इथं येत होता आणि इथून त्याचे लहान लहान वाटे होऊन आमच्यासारख्यांच्या दाराशी जात होते. आमच्या बसस्टँडवर जो माणूस चहा पीत होता, त्याच्या हातातला कप या गल्लीतून गेलेला होता. मला त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

व्यापारी गादीवर रेलून बसले होते. त्यांनी चहा मागवला. मी तक्रार सांगितल्यावर हसले. "वहिनी, माल आमच्याकडून धडच निघते. फुटते तुमच्या रस्त्यानं. विश्वास नसन तं वर जाऊन पाहा, आमची सूनच पॅकिंग करते. दुसऱ्या कोणाच्या हाताले लागूच देत नाई मी."

लाकडी जिना चढून मी वरच्या गोदामात गेले. तनसाच्या ढिगात माझ्याच वयाची एक बाई पदर खोचून बसली होती. एका हातानं कप उचलत होती, दुसऱ्यानं कागद गुंडाळत होती, आणि टोक पिळून दांडीतून आत ओवत होती. मी जिन्यातच थांबले. इतकी वर्षं मी जे सोडवत होते, ते ही बांधत होती.

"मी कारंज्याची," म्हटल्यावर तिनं मान वर केली. "म्हणजे तुम्हीच का? माह्या पेट्या उघडता त्या?" आणि आम्ही दोघी उगीचच हसत सुटलो. तिनं मला शेजारी बसवून घेतलं. तिचं बीकॉम झालं होतं. लग्नानंतर सासूच्या हाताखाली पॅकिंगला बसली ती बसलीच. खाली गल्लीत ट्रक लागला की माल तयार पाहिजे, म्हणून तिलाही उठता येत नसे. "तुमच्याकडे बरं असन," ती म्हणाली. "मोकळं रान, हायवे." मी म्हटलं, हायवे आहे खरा, माझ्या समोरूनच जातो.

मग आम्ही कामाला लागलो. कारंजा वाटेत लवकर येतं, म्हणून आमच्या पेट्या सगळ्यांत शेवटी चढवल्या जात आणि गाडीच्या मागच्या टोकाला धक्के खात येत. तिनं ठरवलं, कप आडवे न ठेवता उभे लावायचे, दांड्या आतल्या बाजूला, आणि तळाशी दुप्पट तनस. उतरवायला त्रास पडला तरी पेट्या पुढे, केबिनच्या पाठीशी लावायला ती हमालांना सांगणार होती. एक पेटी तिनं माझ्यासमोर भरून दाखवली, आणि आम्ही दोघींनी ती धरून हलवली. आवाज नाही.

"पण एवढा धड माल कशाले पाह्यजे, ताई?" तिनं विचारलं.

मी शाळेचं सांगितलं. तिचे हात थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "एकदोन फुटू द्या लागते, ताई. मी नाई दिले. माह्या हातून कप फुटत नाई म्हणून मी इथं हावो."

मला तिचं बोलणं आवडलं नाही. वाटलं, हिला आपलं भलं बघवत नाही. मी विषय बदलला आणि खाली उतरले.

पुढची गाडी आली तेव्हा मी पेट्या उघडताना देवाचं नाव घेत होते. एकही कप फुटला नव्हता. त्याच्या पुढच्या गाडीतही नाही. ड्रायव्हर पण म्हणाला, "बिल्टीवर काई लिहाचं नाई? तब्येत बरी हाये ना?" सासऱ्यांनी स्वतः एकेक बरणी हातात फिरवून पाहिली. मी मोठ्या बाईंना निरोप पाठवला, येते म्हणून. दोन सुती साड्या इस्त्री करून ट्रंकेत वर ठेवल्या. त्या दिवसांत मी स्टुलावर बसूनही स्टुलावर नव्हते.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी दुकानातल्या फळ्यांवरचे कप पुसत होते. सासऱ्यांनी हाक मारली. वळून पाहिलं, तर त्यांच्या गादीशेजारी दुसरी गादी घातलेली. नवी, पांढऱ्या खोळीची, लोडासकट. आमच्याकडे दुकानाच्या गादीवर बाईमाणूस बसत नाही. सासूबाईंनी सगळ्या आयुष्यात तिच्यावरची धूळ फक्त झटकली होती. आता त्याच सासूबाई कुंकवाची कोयरी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. किराणावाला आणि समोरचा कापडवाला पेढे खात उभे होते. आमचे हे माझ्याकडे पाहून असे हसत होते, की त्यांनीच हे घडवून आणलं असावं.

"बस," सासरे म्हणाले. "आजपासून मालाचं सारं तुह्याकडं. असा माल या दुकानात कधी आलाच नाई."

"बाबूजी, शाळा…" मी म्हटलं.

"शाळेत कोनी बी शिकवन," ते प्रेमानं म्हणाले. खरंच प्रेमानं, तेच तर वाईट. "हे दुसऱ्या कोनाले जमन काय?"

सासूबाईंनी माझ्या कपाळावर कुंकू टेकवलं. माझे डोळे वाहू लागले, आणि पोरीला आनंद झाला असं सगळ्यांना वाटलं. माझ्या हातात पुसायला घेतलेला कप होता. मला त्या गोदामातल्या बाईचं बोलणं तेव्हा कळलं. खाली फरशी होती. बोटं सैल सोडायची, बस. मी खरंच ठरवलंही होतं. पण माझ्या हातांनी तो कप नीट पुसला, आणि दांडी आतल्या बाजूला वळवून फळीवर ठेवला.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.